उशिराचं बिल कोणाच्या नावावर?

गणपतीला दीड महिना उरला की गावोगावच्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे एकच उत्तर ऐकू येतं: "मशीन वाटेत आहे." मंडळांच्या टी-शर्टची ऑर्डर घेऊन झालेली असते. तिरुपूरहून कोऱ्या मालाचे गठ्ठे येऊन पडलेले असतात. कारागीर ठरलेला असतो. आणि मशीन वाटेत असतं. कधी न्हावा-शेव्याच्या बंदरात, कधी ट्रान्सपोर्टच्या गोदामात, आणि बऱ्याचदा अजून विकणाऱ्याच्याच शेडमध्ये, न जोडलेल्या लोखंडी चौकोनी नळ्यांच्या रूपात. बाप्पा काही थांबत नाहीत. टी-शर्ट शेवटी दुसऱ्याच्या टेबलावर छापून घ्यावे लागतात, नफा त्याच्या खिशात जातो, आणि मशीन विसर्जनानंतर उतरतं. विकणाऱ्याचे पैसे तोवर पूर्ण वसूल झालेले असतात. त्याचं काहीही बिघडत नाही.

माझा राग आहे तो या बिघडत नसण्यावर. स्क्रीन प्रिंटिंगचं यंत्र घेताना आपण दोन प्रश्न घोळवत बसतो. किती दिवसांत मिळेल? आणि पुरवठादार मोठा गाठावा की छोटा? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या पोटातला खरा प्रश्न कुणी विचारत नाही. उशीर झाला तर भुर्दंड कोणाला? याचं उत्तर "फक्त मला" असं असेल, तर पुरवठादार टाटा असो की टपरीवाला, तुमची तारीख त्याच्या वहीत शेवटच्या पानावर जाणार.

"पंधरा दिवसांत देतो" हे फोनवर ऐकायला गोड लागतं. पण पंधरा दिवस कधीपासून मोजायचे? अ‍ॅडव्हान्स खात्यात पडल्यापासून, चार रंग की सहा रंग हे नक्की झाल्यापासून, की त्याच्या हातातलं आधीचं काम उरकल्यापासून? आणि पंधराव्या दिवशी नेमकं काय होणार? यंत्र तयार होणार, त्याच्या दारातून निघणार, की तुमच्या दारात उतरणार? भाव एक्स-वर्क्स असेल तर त्याची जबाबदारी त्याच्या फाटकाशी संपली. बिल्टीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला की त्याच्या लेखी डिलिव्हरी झाली. पुढचं भाडं, वाटेतली मोडतोड, हमाली, सगळं तुमच्या कपाळी.

मला विचाराल तर यातली एकही तारीख कामाची नाही. कामाची तारीख एकच: विकता येईल असा पहिला टी-शर्ट तुमच्याच जागेत छापून, सुकून बाहेर पडेल तो दिवस. कोटेशनमध्ये ही तारीख मागा. समोरचा गडबडतो. गडबडायलाच हवा, कारण उतरलेलं यंत्र आणि चालणारं यंत्र यांत कधी कधी महिन्याचं अंतर पडतं.

हे अंतर कुठे पडतं ते जवळून बघा. चार रंगांचं हाताने चालवायचं यंत्र जोडलं. वर चार स्क्रीन, खाली टी-शर्ट चढवायचे पाट. चारही स्क्रीनवर एकच अधिकचिन्ह घ्या आणि एकावर एक छापा. पहिल्या टी-शर्टवर चारही चिन्हं एकात एक बसतील, त्यात काही विशेष नाही. पंचविसाव्यावर बसतात का, ते बघायचं. बसत नसतील तर स्क्रीनचा दांडा जिथे खाली येऊन खाचेत अडकतो तिथे हात लावून हलवून बघा, खेळ जाणवेल. केसाएवढा खेळ असला तरी लाल रंगाच्या कडेला पांढरी रेघ दिसते आणि मंडळाचा अध्यक्ष माल परत पाठवतो. मग पाट समपातळीत आहेत का ते पाहा. एक कोपरा खाली असेल तर त्या कोपऱ्यात शाई कमी उतरणार, आणि कारागीर शाई ओढायच्या स्क्वीजीवर जास्त जोर देऊन खांदा दुखवून घेणार.

ड्रायरची परीक्षा याहून कडक घ्या. प्लास्टिसॉल शाई पक्की व्हायला तिच्या थराचं तापमान साधारण १६० अंश सेल्सिअसला पोचावं लागतं. कंट्रोलरच्या पडद्यावर १६० दिसणं म्हणजे शाई १६० ला पोचणं नव्हे. पडदा हवेचं किंवा हीटरजवळचं तापमान सांगतो. तापमान दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या बाजारात मिळतात. तीन पट्ट्या एका टी-शर्टवर डावीकडे, मधे आणि उजवीकडे लावा, ड्रायरच्या सरकत्या पट्ट्यावरून टी-शर्ट आत सोडा आणि बाहेर आल्यावर तिन्ही वाचा. मधे १६५ आणि कडेला १४० असेल तर त्या ड्रायरमधून कडेने निघालेला लोगो काही धुण्यांतच तडकेल. यंत्र उतरवून घेताना ही चाचणी किती जण करतात? फारच थोडे. बहुतेक जण हार घालतात, नारळ फोडतात, फोटो काढतात आणि उरलेला चेक देऊन टाकतात. हार-नारळ जरूर व्हावा, पण चेक चाचणीनंतर.

विजेचंही तेच. ९ किलोवॉटचा ड्रायर थ्री-फेजवर दर फेजला साधारण साडेबारा अँपिअर घेतो. तोच सिंगल फेजवर लावायचा तर ३९ अँपिअर. घराखालच्या गाळ्यातलं वायरिंग तेवढं सोसत नाही. भारवाढीचा अर्ज, महावितरणचं कोटेशन, केबल, मीटर हे सगळं यंत्र उतरल्यावर सुरू केलं तर दोष पुरवठादाराचा नाही, तुमचा. पण ड्रायर किती किलोवॉटचा, किती फेजचा हे ऑर्डरच्याच दिवशी लिहून देणं हे त्याचं काम आहे. जो पुरवठादार आपणहून विचारतो, "तुमच्याकडे मंजूर भार किती?", त्याला माझ्याकडून पहिला गुण. अशा माणसाने आधी दहा ठिकाणी यंत्रं खरोखर चालू करून दिलेली असतात.

आता मोठा आणि छोटा.

मोठ्याकडे माल तयार असतो, छापील माहितीपुस्तक असतं, सुट्या भागांना क्रमांक असतात, आणि दोन वर्षांनी तो दुकान गुंडाळून गायब होण्याची शक्यता कमी असते. हे फायदे खरे आहेत, त्यांची किंमतही द्यावी. पण त्याच्या वहीत तुमची दोन-तीन लाखांची ऑर्डर सगळ्यात लहान असते. तिरुपूरचा निर्यातदार सोळा स्टेशनांचं स्वयंचलित यंत्र मागतो आणि त्याच आठवड्यात तुम्ही चार रंगांचं हाताचं मागता, तेव्हा जोडारी कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. त्याचा इंजिनिअर मुंबईहून किंवा दिल्लीहून येणार, येण्याजाण्याचं आणि राहण्याचं भाडं तुमच्याकडून घेणार, आणि अंबाजोगाईला किंवा सावंतवाडीला यायचं म्हटलं की त्याला त्या भागातली आणखी दोन कामं जमेपर्यंत थांबायचं असणार.

छोटा म्हणजे भोसरीतला, सातपूरचा, शिरोलीचा, वसईचा फॅब्रिकेटर. मालक स्वतः फोन उचलतो. लहान मुलांच्या टी-शर्टसाठी अरुंद पाट हवा म्हटलं तर चार दिवसांत कापून देतो. बिघाड झाला तर रात्री आठला स्कूटरवर पान्हे घेऊन येतो. असे कारागीर या महाराष्ट्रात आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याच्याकडे भांडवल तुटपुंजं असतं. तुमच्या अ‍ॅडव्हान्समधून तो आधीच्या गिऱ्हाइकाचं लोखंड आणतो, आणि तुमचं लोखंड पुढच्या गिऱ्हाइकाच्या अ‍ॅडव्हान्समधून येतं. पुढचं गिऱ्हाईक आलं नाही की तुमचं यंत्र अडकलं. वेल्डर गावी गेला, मालकाच्या घरी आजारपण आलं, तरी अडकलं. यात त्याची लबाडी नसते, पण तुमचं नुकसान तेवढंच होतं. म्हणून छोट्याला एकरकमी अ‍ॅडव्हान्स देऊ नका. सामानाचे पैसे सामान आल्यावर द्या: लोखंड आलं की एक हप्ता, हीटर-मोटार आली की दुसरा. शेडमध्ये स्वतः जाऊन बघा. त्यालाही हे सोयीचं पडतं, कारण मग तुमचे पैसे दुसऱ्याच्या यंत्रात जिरत नाहीत.

आणखी एक तिसरी जात आहे, तिच्यापासून जपा: मोठा दिसणारा छोटा. प्रदर्शनात मोठा स्टॉल, झगमगाट, चकचकीत पुस्तिका. स्वतः काही बनवत नाही, आयात करून विकतो, आणि दुरुस्तीला माणूस ठेवत नाही. आयातदार असणं गुन्हा नाही. कित्येक आयातदार सुट्या भागांचा साठा ठेवतात आणि उत्तम सेवा देतात. पण ज्याच्याकडे साठाही नाही आणि माणूसही नाही, तो यंत्र विकत नाही, नुसता कंटेनर फिरवतो.

प्रदर्शनावरून आठवलं. मुंबईत 'स्क्रीन प्रिंट इंडिया' भरतं तेव्हा यंत्रं एकाच छताखाली चालताना दिसतात, ही फार मोठी सोय आहे, जरूर जा. मात्र तिथेच "आज बुक केलं तर सूट" या आमिषाला बळी पडू नका. तीन दिवसांत एकाच कारखान्याची जितकी यंत्रं बुक होतात, तितकी तो कारखाना तीन दिवसांत बनवत नाही. सगळ्यांना तोच "तीन आठवडे" सांगितलेला असतो. रांगेत तुमचा नंबर कितवा, हे विचारा आणि लिहून घ्या. स्टॉलवर चालणारं यंत्रच विकत मिळत असेल तर मात्र विचार करा. ते तिथे डोळ्यांसमोर शेकडो नग छापून दाखवत असतं, आणि प्रदर्शन संपलं की त्याला परत नेण्याचा खर्च विकणाऱ्यालाही नकोच असतो.

पुरवठादाराचा आकार महत्त्वाचा खराच, पण तो किती महत्त्वाचा हे यंत्राच्या पोटात काय आहे त्यावर ठरतं. ड्रायरचं झाकण उघडायला लावा. आत बाजारात मिळणारा तापमान-कंट्रोलर, के-टाइप थर्मोकपल, साधा सॉलिड स्टेट रिले, गिअर मोटार आणि नेहमीचे बेअरिंग ब्लॉक असतील, तर पुरवठादार उद्या बंद पडला तरी तुम्ही रस्त्यावर येत नाही. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लोहार चाळीत हे सगळं मिळतं आणि गावातला वायरमन बसवून देतो. फक्त टेफ्लॉनचा पट्टा मापाचा लागतो, तो जास्तीचा एक यंत्राबरोबरच घेऊन ठेवा. पण आत कंपनीचा स्वतःचा सर्किट बोर्ड असेल, त्यावर ना नाव ना क्रमांक, तर मग पुरवठादार मोठा, जुना आणि टिकणारा असलाच पाहिजे. बोर्ड जळला की त्याच्यावाचून दुसरा वाली नाही.

हे तपासायला इंजिनिअर असावं लागत नाही. "हा भाग जळला तर मी तो तुमच्याखेरीज कुणाकडून घेऊ?" एवढं विचारायचं. प्रामाणिक माणूस दुकानाचं नाव सांगतो.

परदेशातून यंत्र मागवायचं तर कॅलेंडर तिथलंही बघावं लागतं. चिनी नववर्षाला चीनमधले कारखाने दोन-दोन आठवडे बंद असतात, कामगार गावी जातात, आणि आधीची ऑर्डर नंतर ढकलली जाते. २०२६ मध्ये ते १७ फेब्रुवारीला आलं. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनालाही आठवडाभराची सुट्टी असते. युरोपातून घ्यायचं तर ऑस्ट्रियात आणि पोर्तुगालमध्ये स्वयंचलित यंत्रं बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या आहेत. पण २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपहून येणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली आणि सगळ्यांची गणितं कोलमडली. त्यात विकणाऱ्याचा दोष नव्हता. पण अशा वेळी हप्ता भरायचा की थांबायचा, हे करारात नसेल तर वाद ठरलेला. आणि अमेरिकेसाठी बनलेलं जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळू नका. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. थेट विजेवर चालणारी मोटार इथे पाच-षष्ठांश वेगाने फिरते आणि पट्ट्याचा वेग, सुकण्याचा वेळ, सगळं बदलतं.

आपलंही कॅलेंडर बघा. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला गेली. म्हणजे एका वर्षात अठरा दिवस जास्तीचे मिळाले. अधिक महिना नसलेल्या वर्षी हेच सण दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. "गेल्या वर्षी जुलैत मागवलं तरी चाललं" हा हिशेब पुढल्या वर्षी चालत नाही.

घाई करावी की नाही, याचाही हिशेब मांडता येतो. समजा तुमच्याकडे रोज २०० टी-शर्टचं काम हातात आहे आणि नगामागे १५ रुपये सुटतात. दिवसाचे ३,००० झाले. वीस दिवस उशीर म्हणजे ६०,००० गेले. दोन कोटेशनांत २५,००० चा फरक असेल आणि महागडा वीस दिवस आधी, खात्रीने देत असेल, तर महागडाच स्वस्त. पण हातात काम नसेल, धंदा नव्याने सुरू करायचा असेल, तर हेच गणित उलटं होतं. तेव्हा वीस दिवस थांबल्याने फारसं काही जात नाही. तीन लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी उचललं तर महिन्याचं व्याज २,७५० रुपये, आणि कर्जाची रक्कम यंत्र निघतानाच सोडायला बँकेला सांगितलं तर तेही वाचतं. अशा वेळी सावकाश, चांगलं आणि मनासारखं यंत्र घ्यावं. "स्टॉकमध्ये शेवटचं एकच आहे" ही घाई विकणाऱ्याची असते. ती अंगावर घेऊ नका.

आता कायदा. हा भाग नीट वाचा, इथे माणसं हमखास फसतात.

भारतीय करार कायदा, १८७२. कलम ५५. करारात वेळ हा महत्त्वाचा भाग असेल आणि समोरच्याने ती पाळली नाही, तर तुम्ही करार मोडू शकता. पण उशिरा आलेलं यंत्र तुम्ही मुकाट्याने उतरवून घेतलं, तर उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई नंतर मागता येत नाही. ती मागायची असेल तर यंत्र स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं. एक ओळ पुरे: "यंत्र उशिरा मिळाले आहे, ते स्वीकारत आहोत, उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क राखून ठेवत आहोत." ईमेल करा, तारीख टाका. ही ओळ न लिहिल्याने किती जणांचा हक्क बुडाला असेल, याचा विचार केला की चीड येते. कलम ७४ खाली उशिराची रक्कम आधीच करारात लिहून ठेवता येते, म्हणजे दर आठवड्याला किमतीच्या अमुक टक्के वजा. लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, न्यायालय त्याच्या आत वाजवी भरपाई देतं. पण आकडा लिहिलेला असला की पुरवठादाराच्या वहीत तुमचं पान आपोआप पुढे सरकतं.

"ग्राहक न्यायालयात खेचू" ही धमकी मात्र जपून द्या. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी. एस. जी. इंडस्ट्रिअल इन्स्टिट्यूट या खटल्यात निकाल दिला. एका लघुउद्योगाने यंत्र मागवलं होतं. ते उशिरा आलं, सदोष निघालं. तक्रार हुबेहूब आपल्यासारखीच. महाराष्ट्र राज्य आयोगाने भरपाई मंजूर केली, राष्ट्रीय आयोगाने ती उलटवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आयोगाचंच म्हणणं उचलून धरलं: यंत्र व्यापारी हेतूने घेतलेलं, म्हणून घेणारा 'ग्राहक' नाही. त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितलं की स्वतः चालवून, स्वतःचं पोट भरण्यासाठी यंत्र घेणारा माणूस ग्राहकच आहे. २०१९ च्या कायद्यातही स्वयंरोजगाराची ही सवलत आहे. म्हणजे घरच्या घरी नवरा-बायको मिळून चालवतात ते एका टेबलाचं युनिट बहुधा ग्राहक आयोगात जाऊ शकतं. वीस कामगारांचा कारखाना बहुधा जाऊ शकत नाही, त्याला दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. त्याने करारावर जास्त मेहनत घेतली पाहिजे.

दुसरी बाजूही सांगतो, कारण छोट्या पुरवठादाराचे पैसे अडकवून ठेवणारे खरेदीदारही कमी नाहीत, आणि ते मला तितकेच खटकतात. बनवणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल आणि त्याची उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. चुकलात तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. यंत्रात खोट असेल तर उतरल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घ्या. हरकत घेतली की मुदत खोट दूर झाल्यापासून मोजली जाते. गप्प बसलात तर यंत्र स्वीकारलं असं कायदा धरतो. म्हणून चाचणी पहिल्याच आठवड्यात करायची. किमतीचे शेवटचे २० टक्के हातात ठेवायचे ते चाचणीपुरते, कुणाला छळायला नाही. चाचणी जमली की त्याच संध्याकाळी पैसे पाठवा.

कराचं थोडक्यात. जीएसटीची वजावट माल हातात आल्याशिवाय मिळत नाही. आणि एकाच बिलावरचा माल तुकड्या-तुकड्यांनी आला, तर वजावट शेवटचा तुकडा आल्यावरच मिळते. छपाईयंत्र आलं, ड्रायर महिन्याने येणार, बिल मात्र एकच, तर सगळा जीएसटी महिनाभर अडकला. दोन बिलं करायला सांगा. घसाऱ्यालाही तारीख असते: आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं तर त्या वर्षी निम्माच घसारा. म्हणजे साधारण ३ ऑक्टोबरच्या आत यंत्र वापरात यायला हवं. उतरायला नव्हे, वापरात.

पुरवठादार खरंच किती मोठा, हे त्याच्या ऑफिसच्या सोफ्यावरून ठरवू नका. जीएसटी क्रमांक घ्या आणि पोर्टलवर टाका. नोंदणी कधीची, धंद्याचा प्रकार कोणता, विवरणपत्रं वेळेवर भरतो का, सगळं फुकट दिसतं. क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात: २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ गुजरात, ३३ तमिळनाडू. "पंचवीस वर्षांचा अनुभव" सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या वर्षीची निघाली तर का ते विचारा. उत्तर कदाचित बरोबरही असेल, पण प्रश्न विचारायलाच हवा. मग त्याच्याकडून तीन जुन्या गिऱ्हाइकांचे फोन मागा, त्यातलं एक तरी तीन वर्षांपूर्वीचं. त्यांना "मशीन कसं आहे?" असं विचारू नका, सगळे "बरं आहे" म्हणतात. विचारा: "कबूल केलेली तारीख कोणती होती, आलं कधी? शेवटचं बंद पडलं तेव्हा भाग किती दिवसांत मिळाला?" या दोन उत्तरांत मोठा-छोटा, जलद-संथ, सगळं कळतं.

शाई, इमल्शन, जाळी, स्क्वीजीचं रबर यांच्या बाबतीत मात्र माझा कौल सरळ जवळच्या छोट्या दुकानाला. डायझो मिसळलेलं इमल्शन काही आठवडेच टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी. डायक्रोमेटचं तर कालवलं की लगेच वापरावं लागतं, लावून ठेवलेली स्क्रीन अंधारातही कडक होत जाते. असला माल दूरच्या मोठ्या पुरवठादाराकडून स्वस्तात, घाऊक मागवून मे महिन्याच्या उकाड्यात पत्र्याखाली ठेवण्यात काय अर्थ आहे? रात्री शाई संपली तर शटर उघडून एक किलो देणारा दुकानदार गावात टिकला पाहिजे. त्याच्याकडून थोडं महाग घ्या.

यंत्र मात्र कुणाकडून घ्यायचं? तर अ‍ॅडव्हान्सचा चेक लिहिण्याआधी एक कागद करा. त्यावर चालू यंत्रातून पहिला चांगला टी-शर्ट निघण्याची तारीख, उशिराच्या प्रत्येक आठवड्याची कपात, आणि चाचणीनंतर द्यायचे २० टक्के, एवढंच लिहा. तो कागद मोठ्यासमोर ठेवा, छोट्यासमोरही ठेवा. जो हसून टाळतो, त्याला नमस्कार करून उठा. जो तारखेवर घासाघीस करतो, दोन आठवडे वाढवून मागतो आणि मग सही करतो, त्याच्याकडून घ्या.